चाळीस हजारांची वायर घ्यावी का?

घरात नवा टीव्ही आणि साउंडबार येतो. पोराला होम थिएटर हवे असते. मस्जिदीत नवा ॲम्प्लिफायर बसवायचा असतो. सगळा सौदा ठरतो, बिल होत येते आणि मग दुकानदार काचेच्या कपाटातून एक जाडजूड, जाळीदार वेष्टनाची, सोनेरी टोकांची वायर काढतो. "एवढा चांगला सेट घेतलात, आता साधी वायर लावून त्याची माती करू नका," असे म्हणतो. किंमत ऐकून आपण दचकतो. पण मनात एक शंका राहतेच, की खरेच फरक पडत असेल तर?

ही शंका आम्हाला लहान वाटत नाही. घरात हा पैसा मुलांच्या फीचा असतो, कुणाच्या औषधाचा असतो. मस्जिदीत तर तो आपला नसतोच, ती लोकांची अमानत असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर "ज्याची त्याची आवड" असे देऊन चालत नाही. सुदैवाने उत्तर मिळवणे अवघडही नाही.

आवाज येतो, लफ्ज कळत नाहीत

शहापूर-मुरबाड पट्ट्यात शेणवा, किन्हवली, डोळखांब या बाजूला आमच्या समाजाची घरे विखुरलेली आहेत. कुणाचे किराण्याचे दुकान, कुणाची रिक्षा, कुणी पहाटे आसनगावहून लोकल पकडून कल्याण-मुंबईला कामाला जातो. जमात लहान असली की कोणता रुपया कुणाच्या घरातून आला हे सगळ्यांना माहीत असते.

शेणव्याजवळच्या अशाच एका छोट्या जमातीत मस्जिदीला लागून मदरशाची खोली आहे. रमजानमध्ये बायका तिथे बयान ऐकायला बसतात. त्यांची तक्रार जुनी होती. एका खालाने ट्रस्टींना स्पष्टच सांगितले, "भाई, आवाज तर लई येतो, पण मौलाना काय बोलतात ते कळत नाही." ट्रस्टींनी शहरातल्या एका दुकानात विचारले. तिथून उत्तर आले की ॲम्प्लिफायर ठीक आहे, स्पीकर ठीक आहेत, दोष वायरीत आहे. "ऑक्सिजन-फ्री" तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांच्या, प्रत्येकी वीस मीटरच्या दोन वायरी लावा. खर्च चाळीस हजार.

त्याच सुमाराला मस्जिदीचे छत गळत होते आणि पत्र्यांसाठी चंदा चालू होता. आमच्यातल्या दोघांना वायरिंगचे काम येते, म्हणून पैसे देण्याआधी ट्रस्टींनी आम्हाला विचारले. आम्ही म्हटले, आधी वायर काय करते ते समजून घेऊ, मग बोलू.

वायरीचे काम किती?

ॲम्प्लिफायरमधून निघालेली वीज स्पीकरपर्यंत पोहोचवणे एवढेच वायरीचे काम. पाण्याच्या पाइपासारखेच समजा. पाइप फार बारीक आणि फार लांब असेल तर शेवटच्या नळाला पाणी कमी येते. पण पाइप पुरेसा जाड असेल तर तो चांदीचा केला म्हणून पाणी गोड होत नाही.

वायरीच्या या अडवणुकीला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम असतो. जाडी दुप्पट केली की रोध निम्मा, लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट. वीज जाऊन परत येते, म्हणून दहा मीटर अंतराला वीस मीटर तार धरायची.

आता हिशेब करू. घरातला नेहमीचा स्पीकर ८ ओहमचा असतो. तो दहा मीटरवर असेल आणि दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर असेल, तर वायरीचा रोध ०.२३ ओहम भरतो. स्पीकरच्या तुलनेत हे तीन टक्क्यांच्याही आत आहे. आवाजात फरक पडतो पाव डेसिबल. साधारण एक डेसिबलचा फरक झाला तरच आपल्या कानाला तो धड जाणवतो. म्हणजे साध्या वायरीने जे नुकसान होते ते ऐकूच येत नाही. मग महागडी वायर ते भरून काढते म्हणजे काय करते? जाणकार एक सोपा नियम पाळतात. वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा. ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम. एवढे सांभाळले की वायरीचे काम संपले.

मोठे शब्द, छोटा फरक

महाग वायरींच्या खोक्यावर काही शब्द हमखास असतात. ते एकेक करून पाहू.

"ऑक्सिजन-फ्री तांबे". विजेच्या वायरीचे साधे तांबेही ९९.९ टक्के शुद्ध असते. ऑक्सिजन काढून टाकलेले तांबे त्याहून जेमतेम एखाद्या टक्क्याने बरे वाहक असते. तोच फायदा वायर थोडी आखूड कापूनही मिळतो.

"चांदीची तार". चांदी तांब्याहून पाच-सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे, हे खरे. पण तांब्याची तार तेवढ्याच टक्क्यांनी जाड घेतली की हिशेब बरोबर होतो आणि चांदीच्या भावात पडावे लागत नाही.

"सोन्याचा मुलामा". सोने हे तांब्यापेक्षा कमी चांगले वाहक आहे. त्याचा गुण वेगळा आहे, ते गंजत नाही. म्हणून वारंवार काढ-घाल होणाऱ्या टोकांवर सोन्याचा पातळ थर उपयोगी पडतो. तो थर इतका पातळ असतो की त्यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही.

"बाणाची दिशा". काही वायरींवर बाण छापलेला असतो आणि आवाज त्याच दिशेने वाहतो असे सांगतात. स्पीकरच्या वायरीत वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलट-सुलट फिरते, तिला बाण कळत नाही. ज्या वायरीवरची जाळी एकाच टोकाला जोडलेली असते तिथे बाणाला अर्थ असतो, बाकी ठिकाणी तो शोभेचा.

एचडीएमआय वायरीची गोष्ट आणखी सरळ आहे. तिच्यातून आकडे जातात. आकडे नीट पोहोचले तर चित्र-आवाज पूर्ण येतो, नाही पोहोचले तर चित्र तुटते किंवा दिसतच नाही. घरातल्या टीव्हीला एक-दोन मीटरची साधी, प्रमाणित वायर चित्र देत असेल, तर दहापट किमतीची वायर त्याहून सुंदर चित्र देऊ शकत नाही.

लाखांच्या वायरी आणि न झालेली परीक्षा

हा व्यापार परदेशात फार मोठा आहे. अमेरिकेत पेअर केबल नावाच्या कंपनीची 'अंजू' ही स्पीकरची वायर होती. बारा फुटांच्या जोडीची किंमत ७,२५० डॉलर, त्या वेळच्या दराने पावणेतीन लाख रुपयांच्या वर. २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी जाहीर आव्हान दिले. रँडी हे चमत्काराच्या दाव्यांची तपासणी करणारे म्हणून प्रसिद्ध होते. ही वायर आणि साधी चांगली वायर यांतला फरक न बघता, केवळ ऐकून जो ओळखेल त्याला दहा लाख डॉलर, असे ते आव्हान होते. एका नामांकित ऑडिओ समीक्षकाने तयारी दाखवली, पण कंपनीने अंग काढून घेतले आणि परीक्षा झालीच नाही. आपल्या मालावर विश्वास असलेल्या दुकानदाराला याहून मोठी फुकटची जाहिरात मिळाली नसती.

२००८ मध्ये डेनॉन या नामांकित कंपनीने दीड मीटरची एक केबल ४९९ डॉलरला बाजारात आणली. तिच्यावरही दिशेचे बाण होते. आत होती ती कॉम्प्युटरच्या नेटवर्कची केबल, जी कुठल्याही दुकानात काही डॉलरला मिळते. लोकांनी तिची इतकी थट्टा केली की ती थट्टाच जास्त गाजली.

याउलट मॅकिंटॉश या अमेरिकेतल्या जुन्या आणि महागड्या ॲम्प्लिफायरच्या कंपनीचे प्रमुख गॉर्डन गॉ स्विच बदलून लोकांना वायरी ऐकवत. एका बाजूला महाग वायर, दुसऱ्या बाजूला टेबललॅम्पला लावतात तशी जाड साधी वायर. ऐकणाऱ्यांना फरक सांगता येत नसे. ज्यांची यंत्रे श्रीमंतांच्या घरात असत, तेच साधी वायर पुरे म्हणत होते.

कान का फसतो?

महाग वायर घेणारे खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. त्यांना फरक खरोखर जाणवतो, पण तो वायरीतून येत नाही. आपण पैसे मोजले की मन लक्ष देऊन ऐकू लागते. आधी न ऐकलेला बारकावा ऐकू येतो आणि श्रेय वायरीला जाते. शिवाय आवाज थोडा जरी मोठा केला तरी तो "चांगला" वाटतो. दुकानात वायर बदलताना कुणी बटण किंचित फिरवले, तर गिऱ्हाईकाला ते कळतही नाही.

यावर घरगुती उपाय आहे. एकाने पडद्यामागे बसावे आणि नाणे उडवून छापा आला तर महाग, काटा आला तर साधी वायर जोडावी. आवाजाचे बटण हलवू नये. ऐकणाऱ्याने फक्त ऐकून सांगावे. असे दहा वेळा करावे. निव्वळ अंदाजाने बोलणाऱ्याचेही पाच-सहा जमतातच. दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर यायला नशीब फार लागते, ते शंभरात एकदा घडते. कुणी दहापैकी नऊ सांगितले तर खुशाल वायर घ्यावी. दुकानदार ही परीक्षा घेऊ द्यायला तयार नसेल, तर उत्तर मिळालेच.

खरा दोष कुठे होता

आता मदरशाच्या त्या खोलीकडे येऊ. आम्ही शिडी लावली आणि वायरीचा माग काढला. घंटीला लावतात तशी अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर होती. वीस मीटरला तिचा रोध जवळपास १.४ ओहम भरत होता, म्हणजे सुमारे पंधरा टक्के ताकद वायरीतच उष्णता होऊन जात होती. वाटेत तीन ठिकाणी तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती. आमच्याकडचा पाऊस चार महिने ठाण मांडतो. टेप सुटली होती आणि तांब्यावर हिरवा थर चढला होता. वायरीत दोष होता, इथे दुकानदार चुकला नव्हता. पण त्याला उपाय अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर आणि झाकणाच्या डब्यातले घट्ट सांधे हा होता.

आणि तेवढ्याने लफ्ज कळले नसते. मोठा दोष वेगळाच होता. स्पीकर स्लॅबच्या कोपऱ्यात, छताला चिकटवून लावले होते. खाली फरशी, चारी बाजूंना प्लास्टरच्या उघड्या भिंती. एक शब्द भिंतीवर आदळून परत येईपर्यंत दुसरा निघायचा आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचे. इमामसाहेबांचा माईक तोंडापासून दोन हात लांब होता, त्यामुळे तो मस्जिदीतला घुमणारा आवाजच उचलायचा. ॲम्प्लिफायरचे बेसचे बटण पूर्ण फिरवलेले होते, म्हणून घुमणे आणखी वाढले होते.

स्पीकर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर आणले आणि बायका बसतात त्या बाजूला वळवले. माईक तोंडापासून एक वीतभर अंतरावर घेतला. बेस कमी केला. अडगळीत पडलेली सतरंजी अंथरली आणि मागच्या भिंतीला जाड पडदा लावला. वायर, डबे, पट्ट्या धरून सगळा खर्च पाच हजारांच्या आत झाला. पुढच्या जुम्म्याला खालाने निरोप पाठवला, "आज सगळं कळलं." उरलेला चंदा पत्र्यांकडे गेला.

वरून तांबे, आतून ॲल्युमिनियम

महाग वायर नको म्हणून सर्वात स्वस्त वायर घ्यावी, असा अर्थ कुणी काढू नये. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून खपवली जाते. वरून लाल-पिवळी, कापली तर तांब्यासारखीच दिसते. पण ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहून नेते, वाकवली की तुटते आणि सांध्यात सैल पडून तापते. स्पीकरला लावली तर आवाज कमी येईल एवढेच. घरच्या लाइटच्या वायरिंगला लावली तर आग लागू शकते.

ती ओळखायला तीन खुणा. तारेचा एक धागा ब्लेडने खरवडा, आत पांढरे दिसले तर ते ॲल्युमिनियम. तोच धागा लायटरच्या ज्योतीत धरा. तांबे लाल होऊन काळे पडते, ॲल्युमिनियम वितळून गळते किंवा मोडते. तिसरी खूण सर्वात सोपी, वजन. अडीच चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर गुंडाळीत खरे तांबे असेल तर नुसते तांबेच दोन किलो भरते, वर प्लास्टिकचे वजन वेगळे. गुंडाळी काट्यावर ठेवा. दोन किलोच्या आत भरली तर परत करा. घरच्या वायरिंगसाठी आयएसआय चिन्ह आणि त्याखाली आयएस ६९४ हा क्रमांक पाहूनच घ्या.

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात हात घालून पाहिल्याचा प्रसंग आपण बयानात ऐकलेला आहे. वरचे दाणे कोरडे होते, आतले भिजलेले. विक्रेत्याला त्यांनी विचारले की भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस. वरून तांबे आणि आतून ॲल्युमिनियम असलेली वायर हा त्याच ढिगाचा आजचा नमुना आहे. आपल्यापैकी अनेकांची दुकाने इलेक्ट्रिकलची आणि मोबाइलची आहेत. सूरह अल-मुतफ्फिफीनमधला मापात मारणाऱ्यांना दिलेला इशारा त्यांनीही ध्यानात घ्यावा. मुलामा दिलेली तार विकायचीच असेल तर तसे सांगून, त्या भावाने विकावी. आणि साध्या वायरीने ज्याचे काम भागते त्याच्या गळ्यात चाळीस हजारांची वायर मारणे, हाही गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचा फायदा घेणेच आहे.

पैसे कुठे घालावेत

घर असो वा मस्जिद, आमचा सल्ला असा:

• स्पीकरची वायर: दहा मीटरपर्यंत दीड, वीस-पंचवीस मीटरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर पुरे.

• लांबचे स्पीकर: गावाकडे ॲम्प्लिफायरला सरसकट "आहुजा" म्हणतात. अशा ॲम्प्लिफायरच्या मागे ८ ओहमसोबत १०० व्होल्टचीही जोडणी असते. स्पीकर पन्नास मीटरवर असेल तर ती वापरा, त्यासाठी स्पीकरला लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ८ ओहमच्या जोडणीत सुमारे १८ टक्के ताकद वाया जाते, तर ३० वॉटच्या स्पीकरला १०० व्होल्टवर अर्धा टक्काच. मात्र ही लाइन झटका देऊ शकते, म्हणून काम जाणत्याकडूनच करून घ्या.

• माईकची वायर: इथे थोडे जास्त पैसे घालणे रास्त आहे. माईकचा सिग्नल फार नाजूक असतो. दोन तारा आणि वर जाळी असलेली, तीन पिनांची वायर घ्या आणि लाइटच्या वायरीपासून दूर ठेवा. घूंऽऽ असा आवाज बहुधा इथूनच येतो.

• बॅटरीची वायर: वीज गेल्यावर ॲम्प्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो तेव्हा करंट मोठा असतो. पाच मीटरची एक चौरस मिलिमीटरची वायर आणि दहा अँपिअर करंट असेल तर पावणेदोन व्होल्ट वायरीतच जातात आणि आवाज फाटतो. बॅटरी जवळ ठेवा, वायर जाड आणि आखूड घ्या.

• सांधे: पावसाळ्याआधी एकदा सगळे उघडून पाहा. हिरवे पडले असतील तर घासून, कापून नवे करा. उंदरांनी कुरतडलेली वायरही तेव्हाच सापडते.

• जागा: अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने पडतो, पण ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर तीनच डेसिबल वाढतो. म्हणून एका मोठ्या भोंग्यापेक्षा ऐकणाऱ्याजवळचे दोन छोटे बॉक्स स्पीकर बरे.

शेवटच्या मुद्द्याला आज आणखी एक बाजू आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, लाउडस्पीकरला परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये या नियमांची कडक अंमलबजावणी करण्यास सांगितले. सूरह लुकमानमध्ये आवाज खाली ठेवण्याची जी शिकवण आहे ती तर त्याहून कितीतरी जुनी. हजरत बिलाल (रजि.) यांच्या अजानला वीज लागली नव्हती. आवाज दूरवर फेकण्यापेक्षा तो आतल्या नमाजीपर्यंत आणि शेजारच्या खोलीतल्या बायकांपर्यंत स्वच्छ पोहोचावा, यासाठी पैसा घालणे आज शहाणपणाचेही आहे.

इस्लामने चांगली वस्तू वापरायला मनाई केलेली नाही. कुणी हलाल कमाईतून चांगले स्पीकर घेतले, नात आणि किरत मन लावून ऐकली, तर त्यात वावगे काही नाही. पण सूरह बनी इस्राईलमध्ये उधळ्या माणसाला कुणाचा भाऊ म्हटले आहे ते आपण जाणतो. ज्या खर्चाचा फायदा कानालाही होत नाही, शेजाऱ्यालाही होत नाही, तो खर्च इस्राफच. तेव्हा पुढच्या वेळी कपाटातून सोनेरी टोकांची वायर बाहेर आली, तर दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: जाडी किती, तांबे खरे का, आणि न बघता ऐकवाल का? पहिल्या दोन्ही उत्तरांनी समाधान झाले तर साधी वायर घेऊन घरी यावे. तिसऱ्याला तो तयार झालाच, तर नाणे आपल्या खिशातले काढावे.